शेजाऱ्याची श्रद्धा
खानदेशातल्या ख्रिस्ती कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या पाठांची प्रस्तावना

खानदेशात वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींना इतर धर्म पुस्तकातून भेटत नाहीत, ते गल्लीत भेटतात. पहाटे अजान ऐकू येते, पाठोपाठ काकड आरतीचा टाळ वाजतो. श्रावणात कानबाई बसते आणि शेजारून रोटांचा वास येतो. चौदा एप्रिलला भीमगीते वाजतात. पर्युषणात जैन मैत्रीण सूर्य मावळायच्या आत जेवून घेते आणि संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागत फिरते. शाळेच्या वर्गात ख्रिस्ती मूल बहुधा एकटेच असते. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येत ख्रिस्ती जेमतेम 11 लाख, म्हणजे शेकडा एकाच्याही आत. मुंबई, वसई, अहिल्यानगर सोडून जळगाव-धुळ्याकडे यावे तर मंडळी आणखी विरळ होत जाते. अशा ठिकाणी मुलांच्या बाकावरचा जोडीदार, क्रिकेटचा संघ, शिकवणीचे सर, दवाखान्यातल्या ताई, सगळे दुसऱ्या धर्माचे असतात. तेव्हा मुलांनी इतर धर्म पाहिलेले नाहीत, असे नाही. पाहिलेल्याचा अर्थ त्यांना कोणी नीट सांगितलेला नाही.

घरी विचारले तर दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘तिकडे बघू नकोस, ते आपले नाही’ हे पहिले. ‘अरे, सगळे धर्म शेवटी सारखेच’ हे दुसरे. पहिल्यात भीती असते, दुसऱ्यात आळस. दोन्ही उत्तरांनी प्रश्न तिथेच मिटतो आणि विचारणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलकडे वळतो. तिथे त्याला एक तर दुसऱ्याच्या धर्माची टिंगल करणारे चलचित्र सापडते, नाही तर त्याच्या स्वतःच्या धर्माची. पुढचे पाठ त्या मुलासाठी आहेत, आणि रविवारी त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या शिक्षकासाठीही. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते: शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्याच तोंडून, खरीखुरी आणि पुरती समजून घ्यावी, मग आपली आणि त्याची वाट कुठे एक होते आणि कुठे फुटते, हे दोन्ही न लपवता सांगता यावे.

धर्म शिकवायचे म्हटले की आपल्यापुढे शालेय पुस्तकातला तक्ता येतो. धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण अशा पाच रकान्यांत सहा धर्म बसवले की पाठ संपला. खानदेश त्या तक्त्यात मावत नाही. यावल, रावेर, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत तडवी भिल्ल राहतात. ते आदिवासी आहेत आणि मुसलमानही. फैजपूरला सतपंथाचे मोठे मंदिर आहे. आज तिथले भक्त स्वतःला हिंदू म्हणतात, पण त्या पंथाचा धागा गुजरातेतल्या पिराण्याच्या इमामशाहांपर्यंत जातो. महानुभाव पंथाचे अनुयायी याच पट्ट्यात गावोगाव आहेत. तेराव्या शतकातल्या श्रीचक्रधरांची ही परंपरा गावदेवतांची पूजा करत नाही, एकाच परमेश्वराच्या पाच अवतारांना मानते. शेजारच्या घरातले सगळेच सगळ्या देवांना भजतात, असे समजणाऱ्या ख्रिस्ती मुलाने हे जाणून घ्यायलाच हवे. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते तेव्हा तिच्यामागे चालणारा माळकरी आणि चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारा भाविक दोघेही हिंदू, पण दोघांचा नेम वेगळा, आहार वेगळा, देवाशी बोलण्याची रीतही वेगळी. आणि जळगावचा कार्तिकी एकादशीचा रामरथ? दीडशे वर्षांची परंपरा असलेला हा रथ भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो आणि दर्ग्यावर चादर चढवली जाते. रथोत्सव सुरू करणारे अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांच्या स्नेहाची ती खूण मानतात. तक्त्याच्या कोणत्या रकान्यात हे लिहायचे?

म्हणून या पाठांची सुरुवात धर्मांच्या व्याख्यांपासून केलेली नाही. ती माणसांपासून केली आहे. ‘हिंदू काय मानतात’ याआधी ‘आपल्या वाड्यातल्या आजी एकादशीला काय करतात, आणि का’ हा प्रश्न येतो. व्याख्या लागतातच, पण त्या मागाहून.

एक श्रद्धा अशी आहे जी शेजारी नाही, घरातच आहे. तिचा विषय आपल्या मंडळ्यांमध्ये सहसा निघत नाही. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे आणि 1998 साली त्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः विसाव्या शतकात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या मिशनने भिल्ल, मावची, पावरा अशा समाजांत काम केले. चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय आजही त्या काळाची आठवण देते. भुसावळ-जळगावकडची मंडळी वेगळ्या वळणाची. तिथे रेल्वेबरोबर आलेले अँग्लो-इंडियन, गोव्याचे, दक्षिणेकडचे लोक होते आणि मिशनच्या शाळा-वसतिगृहांतून आलेली मराठी कुटुंबेही. म्हणजे साक्री-नवापूरच्या बाजूच्या कित्येक ख्रिस्ती मुलांचे पणजोबा-पणजी डोंगऱ्यादेवाचे व्रत धरणारे होते, याहामोगीला नवस बोलणारे होते, वाघदेवाला मानणारे होते. कित्येकांचे मामा-काका आजही मानतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या वेळी पावरी वाजू लागली की मंडळीतल्या आजोबांचे पाय थबकतात, आणि नातवाला त्याचे कारण कोणी सांगत नाही.

ही गोष्ट लाजेने झाकून ठेवली तर मूल दोन चुकीचे धडे घेते. आपले पूर्वज अज्ञानी आणि ओवाळून टाकण्याजोगे होते, हा एक. ख्रिस्ती होणे म्हणजे आपली माणसे सोडणे, हा दुसरा. जुन्या मिशनऱ्यांपैकी काहींनी पूर्वजांच्या सगळ्या रीतींना सैतानाचे काम म्हटले, हे खरे आहे. त्यांनीच आदिवासी बोलींत शुभवर्तमान नेले, मुलींना शाळेत बसवले, हेही खरे आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला दोन्ही सत्ये एकदम पेलतात. आपणच त्याला लहान समजतो. आदिवासी श्रद्धांचा पाठ ‘जुनी अंधश्रद्धा’ या मथळ्याखाली टाकायचा नाही, हे ठरवूनच केले आहे. डोंगर, पीक, पाऊस, वाघ आणि मेलेले पूर्वज यांच्याशी नाते सांगणारी ती एक पुरती जीवनदृष्टी आहे. तिच्यातले काय आपण सोडले आणि का, काय सोडायला नको होते, यावर मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून बोलावे.

मराठी ख्रिस्ती माणसाने इतर धर्मांशी कसे वागावे, हा प्रश्न आज उगवलेला नाही. एकोणिसाव्या शतकात त्याला वादाचे रूप होते. मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1830च्या सुमारास हिंदू पंडितांशी जाहीर वाद केले. मोरभट दांडेकरांनी त्यांना ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून उत्तर दिले. पुढे 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना भिडले आणि लोक ऐकायला गर्दी करू लागले. त्या वादांनी मराठी गद्य कसदार केले, शंका घेण्याची सवय लावली, हे त्यांचे श्रेय. पण वादात समोरच्याचे दुबळे वचन शोधायचे आणि आपले बळकट वचन पुढे करायचे, ही खोडही तिथूनच जडली. आपल्या कित्येक संडे स्कूलांत ‘इतर धर्म’ नावाचा जो एखादा तास होतो तो आजही त्याच चालीवर चालतो.

दुसरी चाल त्याच मातीत होती. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे स्नेही राहिले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या निधनानंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्या घरात बायको बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरी कोणी कोणाचा द्वेष करणार नाही. त्या काळी हे केवढे धाडस होते ते मुलांना सांगावे. आजच्या घरांत ते कितपत शक्य आहे, हा प्रश्न त्यांच्यावरच सोडावा.

आणि खानदेशाला तर यापेक्षाही जवळचा दाखला आहे. 1907 साली जळगावला मराठी कवींचे संमेलन भरले. तिथे धरणगावात जन्मलेल्या, सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. पुढे बालकवी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांच्या घरी राहिले. टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले, सुवार्तेचा ध्यास घेतलेले ख्रिस्ती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतःच्या पावलांनी, नवऱ्याच्या मागून काही वर्षांनी, त्या श्रद्धेपाशी पोचलेल्या. त्यांच्या घरात हा हिंदू मुलगा पोटच्या पोरासारखा वावरला, रुसला, लिहिता झाला. 1918 साली जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली त्याचा अंत झाला तोवर तो हिंदूच होता. टिळकांचे प्रेम त्यासाठी थांबले नव्हते. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते घर डोळ्यांपुढे दिसते.

टिळकांचे हे उदाहरण पुरते सांगावे, अर्धे नको. त्यांनी येशू सर्वांना सांगितला, आयुष्यभर सांगितला; श्रद्धा ही खाजगी बाब म्हणून ती झाकून ठेवली नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असेही ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, ती आपल्या उपासनेत आजही गातात. खानदेशातले मूल रविवारी जे गाते त्याचा छंद देहू-आळंदीचा आहे. वारकरी परंपरा समजून घेणे म्हणजे परक्या अंगणात पाऊल टाकणे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच गीतपुस्तकाची पाने चाळावीत.

धुळ्याच्या तुरुंगाचा विषय निघाल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. 1932 साली विनोबा भावे तिथे बंदी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, अठरा रविवारी त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेचे अठरा अध्याय उलगडले. साने गुरुजींनी ते उतरून घेतले, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. पण विनोबा गीतेपाशी थांबले नाहीत. मूळ अरबी शिकून त्यांनी ‘कुराण-सार’ काढले, बायबलच्या नव्या करारातून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ निवडले, धम्मपदाची नवी मांडणी केली, जैनांच्या सगळ्या पंथांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ ग्रंथ त्यांच्या प्रेरणेने 1974च्या सुमारास तयार झाला. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत, छात्रालयातल्या मुलांची आई होत. त्यांनी तुरुंगात इस्लामी संस्कृतीवर लिहिले, तमिळ कुरल मराठीत आणला आणि 1947च्या मे महिन्यात पंढरीचे देऊळ दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. दोघेही हिंदू होते, हिंदूच राहिले. आपल्या जिल्ह्यांत वावरलेल्या या दोन माणसांनी इतरांचे ग्रंथ नीट वाचले ते कोणाला आपल्या धर्माकडे ओढण्यासाठी नव्हे. तेवढाच प्रामाणिकपणा आपल्या मुलांनी गीता आणि कुराण यांच्याबाबतीत दाखवावा, ही अपेक्षा जास्त नाही.

त्यासाठी शिस्त हवी. स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1985 साली तीन नियम सांगितले होते. दुसऱ्या धर्माविषयी जाणून घ्यायचे तर तो पाळणाऱ्याला विचारा, त्याच्या विरोधकाला नको. आपल्या धर्मातले उत्तम आणि त्यांच्यातले वाईट यांची तुलना करू नका. आणि त्यांच्याकडची एखादी गोष्ट पाहून ‘हे आपल्याकडे असते तर’ असा निर्मळ हेवा वाटू द्या. तिसरा नियम मुलांना सर्वांत आवडेल असा आहे. रमजानच्या उन्हाळी रोज्यात दिवसभर पाण्याचा थेंब न घेणारा वर्गमित्र, संवत्सरीला धाकट्यांचीही क्षमा मागणारे जैन आजोबा, पंढरपूरपर्यंत चालत जाणारी शेतकरीण, हे पाहून हेवा वाटला तर त्यात श्रद्धेला धोका नाही. शताधिपतीचा विश्वास पाहून येशूनेच आश्चर्य केले होते, आणि शेजारी कोण या प्रश्नाचे उत्तर त्याने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून दिले होते. ऐकणाऱ्या यहुद्यांच्या दृष्टीने तो शोमरोनी दुसऱ्याच धर्माचा होता.

यहुद्यांचे नाव निघाले म्हणून एक सावधगिरी. खानदेशात मुलांना यहुदी शेजारी भेटणार नाही. पण दर उत्तम शुक्रवारी त्यांच्याविषयी ऐकायला मिळते, आणि कित्येकदा सगळा समाजच ख्रिस्ताचा मारेकरी असल्यासारखा रंगवला जातो. येशू, मरिया आणि बाराही प्रेषित यहुदी होते. कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत तो आरोप नाकारला, आणि हिंदू, बौद्ध व इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही, असेही सांगितले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही हा मजकूर वाचण्यासारखा आहे. हे पाठ कोणत्या एका पंथासाठी नाहीत.

समजून घेणे म्हणजे गुळमुळीत होणे नव्हे. फरक सांगताना शब्द चघळू नयेत. कुराण ईसांना पैगंबर मानते, त्यात मरियमच्या नावाचा एक संपूर्ण सूरा आहे. पण ईसा देवाचे पुत्र आहेत हे ते नाकारते आणि त्यांना क्रुसावर मारले गेले नाही असे म्हणते. ख्रिस्ती श्रद्धेचा कणाच क्रूस आणि पुनरुत्थान आहे. मुसलमान मित्रापुढे हा भेद लपवणे ही त्याचीही फसवणूक आणि आपलीही. जैन आणि बौद्ध विश्वाचा निर्माता मानत नाहीत. त्यांच्याशी बोलताना ‘देव तर सगळ्यांचा एकच’ हे वाक्य त्यांच्याच मताला धरून नाही. डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट नाकारले आहे. त्यामुळे बौद्ध शेजाऱ्याला हिंदूंच्या रकान्यात घालणे त्याच्यावर अन्याय आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी 31 जुलैला लोक जमतात, कारण 1937 साली बाबासाहेब तिथे राहिले होते. मुलांनी तिथे एकदा जावे आणि आलेल्या माणसांना, ‘तुम्ही का आलात’ एवढेच विचारावे.

या बौद्ध शेजाऱ्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न मुले हमखास विचारतात, कारण तो शाळेच्या अर्जावर येतो. एकाच आजोबांची दोन नातवंडे, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. पहिल्याला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, दुसऱ्याला नाही. 1950च्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 साली तो शिखांना मिळाला, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान त्याबाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही, म्हणून ख्रिस्ती भिल्लाचा आणि तडवी मुसलमानाचा दाखला कायम राहतो. या तफावतीचा राग मुलांनी शेजाऱ्यावर काढू नये म्हणून कायदा नेमका काय आहे हे त्यांना माहीत असावे.

मग रोजचे प्रश्न. प्रसाद खावा का? शाळेत आरतीला उभे राहावे का? गणपतीची वर्गणी द्यावी का? मित्राच्या घरचा ईदचा शीरखुर्मा चालतो, तर पितरांचे जेवण का नाही? मंडळ्यांची उत्तरे एकसारखी नाहीत, आणि या पाठांनी एकच उत्तर छापून दिलेले नाही. करिंथमध्ये मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसावरून हाच वाद पेटला होता, आणि पौलाने तो ज्ञानापेक्षा प्रीतीच्या मापाने सोडवायला सांगितला. त्याच पौलाने अथेन्समध्ये मूर्ती पाहून मनात खळबळ झाली तरी भाषण सुरू केले ते अथेन्सकरांच्या भक्तिभावाची दखल घेऊन, आणि दाखला दिला तो त्यांच्याच कवींचा. हे दोन्ही उतारे मुलांबरोबर वाचावेत. नकार द्यायचा असेल तर तो हात जोडून, हसून, कारण सांगून कसा द्यावा, याचा वर्गात सराव करावा. प्रसाद नाकारणारा उद्धट असतो आणि घेणारा बाटतो, असे समजणारे घर दोन्हीकडे असते. दोन्ही समजुती मुलांनीच मोडायच्या आहेत.

काही वडीलधारे विचारतील, या वयात मुलांना हे दाखवून त्यांची श्रद्धा डळमळणार नाही का? ही काळजी खोटी नाही. पण दहावीनंतर मूल पुण्या-मुंबईला, नाशिकला जाते. तिथे वसतिगृहातल्या पहिल्याच रात्री त्याला कोणीतरी विचारते, ‘तुमचा धर्म इंग्रजांनी आणला ना?’ त्याला प्रेषित थोमा भारतात आल्याची परंपरा ठाऊक नसते, फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत लिहिलेले आणि 1616 साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ठाऊक नसते, आणि विचारणाऱ्याच्या धर्मातलेही काही ठाऊक नसते. डळमळते ते अशा वेळी. घरी, आपल्या माणसांत, ज्याने अवघड प्रश्न ऐकलेले आहेत तो बाहेर भांबावत नाही.

दुसरी शंका बाहेरून येईल. ख्रिस्ती लोक दुसऱ्यांचा धर्म शिकतात तो धर्मांतरासाठीच, असे म्हणणारे आहेत. त्यांना उत्तर कृतीनेच द्यावे लागेल. मंदिर, मशीद, विहार किंवा जैन स्थानक पाहायला जाण्याआधी तिथल्या विश्वस्तांची परवानगी घ्यावी, पालकांची लेखी संमती घ्यावी, पत्रके वाटू नयेत, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, आणि परत येताना आपल्याकडच्या नाताळाचे आमंत्रण द्यावे. शिकणे दोन्ही बाजूंनी व्हावे. शेजाऱ्यांनाही नाताळ म्हणजे सांताक्लॉज एवढेच माहीत असते.

इतर धर्मांची ओळख शाळा करून देईल, अशी अपेक्षा करून भागणार नाही. घटनेच्या अनुच्छेद 28 प्रमाणे सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला त्यासाठी पालकांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. धर्मशिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, हा भेद कोठारी आयोगाने 1960च्या दशकात केला. अरुणा रॉय खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांची ओळख करून देण्यास घटनेची आडकाठी नाही असे मानले. तरीही शाळांकडे ना वेळ आहे ना तयार शिक्षक. रविवारचा तास आपल्या हातात आहे.

पाठांची रचना साधी आहे. प्रत्येक पाठात आधी त्या श्रद्धेचे आपल्या जिल्ह्यांतले एक ठिकाण किंवा सण आहे. मग ती पाळणाऱ्यांना जे सर्वांत मोलाचे वाटते ते, त्यांना मान्य होईल अशा शब्दांत आहे. त्यानंतर ख्रिस्ती श्रद्धेशी साम्य आणि भेद, शेवटी शास्त्रपाठ आणि चर्चेचे प्रश्न. शिक्षकांना एकच कसोटी लावायची आहे: हिंदू धर्मावरचा तास चालू असताना हिंदू शेजारी मागच्या बाकावर येऊन बसला, तर आपण बोलत होतो तेच बोलत राहू शकू का? नसल्यास तो तास पुन्हा तयार करावा.

धुळ्याने 2008 आणि 2013 साली दंगली पाहिल्या आहेत. तेव्हा जन्मलेली मुले आज या वर्गात बसतात. एखाद्या तासाने दंगल थांबते असा दावा कोणी करू नये. पण अफवा मोबाइलवर आली की ‘मी त्यांच्या घरी जेवलो आहे, ते असे नाहीत’ असे म्हणणारे मूल गल्लीत असावे लागते, आणि ते आपल्या मंडळीतले असावे, इतके तर आपण मागू शकतो.

पाळक, धर्मगुरू, शिक्षक आणि आईवडील यांना म्हणून विनंती आहे: पहिला पाठ सुरू करण्याआधी आपण स्वतः एका शेजाऱ्याकडे जा, त्याचा देव त्याच्याकडून ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मग मुलांपुढे उभे राहा.